बसणे आणि जुळणे

'गाळणे' हे मराठीतले एक विलक्षण क्रियापद आहे. चहा गाळला की चहा आपल्याकडे उरतो, पण लेखातला परिच्छेद गाळला की तो परिच्छेदच जातो. राखायचे त्यालाही आणि टाकायचे त्यालाही भाषेने एकच शब्द दिला. वैद्यांच्या 'वस्त्रगाळ' चूर्णात तर गाळणारे वस्त्रही नावात सामावले आहे. डिझेल पिकअपसाठी ऑइल फिल्टर निवडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ह्या क्रियापदाचा विचार मला व्याकरणाच्या बाहेर जाऊन करावा लागला.

पिकअप माझ्या धाकट्या भावाची. जुन्नर तालुक्यातला भाजीपाला संध्याकाळी भरायचा, रात्री माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे पहाटेच्या आत वाशीचा बाजार गाठायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत फिरायचे, हा त्याचा व्यवसाय. गाडी कर्जावर घेतलेली आहे. अशा गाडीचे इंजिन जाम झाले तर केवळ दुरुस्तीचा खर्च येत नाही. शेतकऱ्याचा तोडलेला माल थांबत नाही, तो दुसऱ्याच्या गाडीत जातो आणि पुढच्या खेपेलाही तिकडेच जातो. हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. मी पुण्यात असते, म्हणून फिल्टर घेऊन येण्याचे काम माझ्याकडे आले.

दुकानदाराने तीन डबे पुढे ठेवले. एक गाडीच्या कंपनीच्या वेष्टनातला, दुसरा फिल्टर बनवणाऱ्या एका प्रसिद्ध उत्पादकाचा आणि तिसरा जवळजवळ निनावी, किमतीला पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. "मॅडम, तिन्ही बसतात," तो म्हणाला. ते खोटे नव्हते. तिन्हींचे आटे सारखे होते, रबरी पॅकिंगचा घेरही सारखा होता. पण ज्याने आयुष्यभर वृत्ते शिकवली आहेत त्याला 'बसतात' ह्या शब्दाचा भरवसा वाटत नाही. मात्रा बसतात आणि ओळ तरीही कोसळते, हे आपण दरवर्षी उत्तरपत्रिकांमध्ये पाहतो.

फिल्टरच्या डब्यात असते तरी काय? राळ मुरवून कडक केलेला, घड्या घालून उभा केलेला कागद. पंपाने ढकललेले तेल त्या घड्यांतून आत शिरते आणि मधल्या नळीने बेअरिंगांकडे जाते. १९२३ साली अमेरिकेत स्वीटलँड आणि ग्रीनहाल्श ह्यांनी मोटारीसाठी तेलाचा फिल्टर आणला तेव्हा त्याला 'प्युअर ऑइल लेटर' ह्या शब्दांवरून 'प्युरोलेटर' असे नाव दिले. शुद्ध तेल, पण नंतर. ह्या नावातला 'नंतर' मला फार प्रामाणिक वाटतो. सगळे कण एका फेरीत अडत नाहीत, तेल पुनःपुन्हा फिरत राहते आणि हळूहळू निवळते. म्हणूनच 'हा वीस मायक्रॉनचा फिल्टर आहे' हे विधान अपुरे ठरते. त्या आकाराचे किती कण अडतात, हा खरा प्रश्न. ह्या मोजमापाला बीटा गुणोत्तर म्हणतात. बीटा २ असेल तर निम्मे कण निसटले, बीटा ७५ असेल तर शंभरातले ९८.७ अडले. दोन्ही डब्यांवर 'वीस मायक्रॉन' लिहिता येते!

मग अधिकाधिक बारीक गाळणारा कागद घ्यावा, असे वाटेल. पण अडवण्याइतकेच जाऊ देणे हेही फिल्टरचे काम आहे. कागद तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले की आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले तेल सरळ पुढे सोडतो. मळके तेल इंजिनाला हळूहळू झिजवते, तेलाचा अभाव त्याला काही मिनिटांत संपवतो. हा व्हॉल्व्ह किती दाबाला उघडावा, हे त्या त्या इंजिनासाठी ठरवलेले असते. स्प्रिंग कमजोर असेल तर तो नको तेव्हा उघडतो आणि कागद नुसता शोभेला उरतो. फार ताठ असेल तर कागदच फाटण्याची भीती. आट्यांवरून ह्यातले काहीच कळत नाही. बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे ते इथे.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, स्वस्तातला घे. मी तेल लवकर बदलतो, फिल्टरही बदलेन." हा युक्तिवाद पोकळ नाही, ज्याच्या हातात रोजची रोकड मोजकी असते त्याचा तो हिशेब आहे. परंतु लवकर बदलल्याने जुना दोष दूर होतो, मुळातला नव्हे. बंद गाडीतले तेल खाली उतरू नये म्हणून फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते. ती निकृष्ट असेल आणि फिल्टर आडवा बसवलेला असेल, तर तेल रातोरात ओसरते. रोज गाडी सुरू करताना तेलाचा दाब उशिरा येतो, लाल दिवा रेंगाळतो आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. ही झीज किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

डब्याच्या आत पाहता येत नाही, तेव्हा त्याच्याबद्दल उत्तर कोण देणार एवढेच पाहता येते. दुसऱ्या उत्पादकाच्या सूचीत भावाच्या गाडीचे इंजिन आणि कंपनीचा मूळ क्रमांक दोन्ही छापलेले होते. मी दुकानदाराला विचारले, "तिन्हींचे पक्के बिल मिळेल?" तो हसला. "दोघांचे मिळेल." तिसरा डबा त्याने स्वतःच उचलून ठेवला. मी दुसरा घेतला. सोबत निरोप पाठवला: जुने पॅकिंग इंजिनाला चिकटून राहिले नाही ना ते पाहावे, नव्याला तेलाचे बोट लावावे आणि फिल्टर हातानेच आवळावा.

तरीही भावाचे तेल काही दिवसांत काळे होईल. डिझेलची काजळी इतकी सूक्ष्म असते की तिचे मूळ कण मायक्रॉनहूनही लहान. कागद त्यांना अडवू शकत नाही. तेलात मिसळलेली रसायने त्या काजळीला तरंगत ठेवतात, साचू देत नाहीत, आणि एक दिवस ती तेलासकट काढून टाकावी लागते. काळेपणा हा फिल्टरचा पराभव नव्हे. ते काम त्याचे नव्हतेच. आपणही वाङ्मयाच्या क्षेत्रात गाळण्याचाच उद्योग करतो. त्यात काय अडवावे ह्यावर आपण पुष्कळ वाद घातले. कशासाठी वाट मोकळी ठेवावी आणि कोणते काम आपल्या चाळणीचे नाहीच, ह्यावर मानाने फार कमी बोललो. असो. गाडी सध्या माळशेज उतरते आहे आणि हप्ते वेळेवर जात आहेत.