विकतची खरखर

आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य खरखर घालवण्यात गेलं. रेडिओ लावला की आधी खरखर, मग बातम्या. त्या खरखरीपायी आम्ही एरियलची तार कौलांवरून शेजाऱ्यांच्या शेवग्यापर्यंत नेली, रेडिओच्या पाठीत धपाटे घातले. गणपतीच्या मंडपातला कर्णा फाटका निघाला, तर कार्यकर्ते मांडववाल्याशी हमरीतुमरीवर येत आणि भाड्यातले पैसे कापून घेत. आणि परवा आमचा पुतण्या जेवता जेवता म्हणाला,

"काका, गिटारचा आवाज फाटायला हवा."

"फाटत असेल तर दुरुस्त करून आण."

"फाटत नाहीये, तोच तर प्रॉब्लेम आहे! फाडायचाय. त्यासाठी पेडल घ्यायचंय."

पेडल या वस्तूला आम्ही सिन्नरकर 'पायडल' म्हणतो, आणि ते एक सायकलला असतं नि दुसरं शिलाई मशीनला. गिटारला पायडल कुठून फुटलं, हे आईला काही केल्या कळेना. "मग हात कशाला हवेत?" हा तिचा प्रश्न होता, आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता.

पुतण्याने खुलासा केला. पेडल म्हणजे साबणाच्या डबीहून थोडी मोठी अशी धातूची डबी. एका बाजूने गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, पोटात नऊ व्होल्टची बॅटरी. पायाने दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. तारेतून निघालेली लहर ही डबी आधी फुगवते आणि मग तिचे माथे नि तळ सपाट छाटून टाकते. छाटलं, की मूळ लहरीत नसलेले कितीतरी उपस्वर उगवतात. त्यालाच डिस्टॉर्शन म्हणायचं, आणि ते भरपूर असलं की हेवी मेटल. म्हणजे जड धातू.

मी वादासाठी आ केला होता, पण मला एकदम मिरज आठवलं. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे तरी काय करतात? घोडीचा माथा हलक्या हाताने घासतात, तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, आणि तार जरा झणझणली, उपस्वर मोकळे झाले की समाधानाने मान हलवतात. निव्वळ स्वच्छ तार तिथेही कुणाला नको असते. तंबोरा छाटत नाही, खुलवतो, हे खरं. पण घराणी वेगळी असली तरी दोघांची हाव एकच.

साहेबाच्या मुलखात तर या फाटकेपणाचा रीतसर इतिहास आहे. लिंक रे नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याने १९५८ च्या सुमारास स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागद दाढीच्या ब्लेडने चिरला. अधेमधे, १९६२ साली, मायस्ट्रो कंपनीने हाच फाटका आवाज डबीत भरून विकायला काढला. आमच्या मंडळाचा कर्णा त्या काळी विलायतेला पाठवला असता, तर त्या पैशात सभामंडप झाला असता.

घरात खरा विरोध होता तो दादाचा. दादा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या प्रेसवर काम करतो. तीस वर्षं झाली. दिवसभर धाड-धाड ऐकून हल्ली त्याला हाक दोनदा मारावी लागते, आणि डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापाशी संपतं. तो एवढंच म्हणाला, "जो आवाज ऐकायचे मला पगार देतात, तो घरी फुकट ऐकायचा? आणि वर पैसे देऊन?"

यावर उत्तर नव्हतं. वहिनींची भिशी नुकतीच लागली होती, पण त्यांनीही पैशांचा डबा मुकाट्याने आत सरकवला. पुतण्या ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही. दोन दिवस घरात स्वच्छ, बिनखरखरीची शांतता होती आणि ती कुणालाही आवडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी पुतण्याने आजीला एक गोष्ट सांगितली. सांगितली आजीला, पण दादाला दोनदा हाक न मारता ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं गाव आहे. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. डावखुरा गिटारवाला. नोकरीचा शेवटचा दिवस होता, आणि त्याच दिवशी मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तारा दाबायची बोटं तीच. सगळ्यांनी सांगितलं, आता गिटार विसर. मग कारखान्यातल्याच वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर तो दोनच बोटांनी सूर काढायचा. टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर कातडं चढवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे तर तारा सैल करून सूरच खाली उतरवला. त्या टोपणांनिशी त्याच्या ब्लॅक सॅबाथचा पहिला अल्बम १९७० च्या फेब्रुवारीत आला, आणि हेवी मेटलचा जन्म तिथून मोजतात. त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न तर कारखान्यात मोटारींचे हॉर्न तपासायचा. २०२५ च्या जुलैत त्याच गावात त्याने शेवटचा कार्यक्रम केला, आणि त्याच महिन्यात तो गेला.

आई ऐकत होती. तिने उमेदीची सारी वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. सिन्नरची विडी परमुलखात गेली ती अशाच बायांच्या बोटांवर. हजाराच्या हिशेबाने मजुरी, आणि बोट कापलं की त्या दिवशी हजार भरत नसे. तिने विचारलं, "टोपणं घालून तार कळायची कशी रे त्याला? आम्हांला तर पान बोटालाच कळायचं."

दादा काही बोलला नाही. हात धुऊन आला, आणि वहिनींना म्हणाला, "डबा काढ."

रविवारी मी आणि पुतण्या नाशिकला गेलो. पेडल निवडणं हे स्थळं पाहण्यासारखंच असतं. पहिलं नारिंगी डीएस-वन. घराणं १९७८ चं, खटके तीन, स्वभाव सालस, हुंडा कमी. पण जड धातूला तेवढं पुरत नाही, असं मुलाचं मत. दुसरी काळी एचएम-टू, १९८३ ची. स्वीडनच्या पोरांनी तिचे चारही खटके पार टोकाला पिळले आणि लाकूड कापायच्या करवतीचा आवाज काढला. १९९१ साली कंपनीने ती बंद केली, मग लोक तिच्यासाठी जीव टाकू लागले आणि कंपनीला ती नव्या अवतारात परत आणावी लागली. आपल्याकडेही माणसाचं असंच असतं. तिसरं १९९१ चंच मेटल झोन. खटके चार, पण दोन दुमजली, म्हणजे सहा गोष्टी फिरवता येतात.

पुतण्याने मेटल झोन जोडलं, खालचे आणि वरचे सूर पूर्ण चढवले, मधले शून्यावर आणले आणि छेडलं. दुकानाची काच थरथरली. मला तो आवाज दोन ट्रक एकदम शिंकल्यासारखा वाटला, पण पोराचा चेहरा मात्र काकडआरतीला बसल्यासारखा झाला होता.

दुकानदार मुरलेला होता. त्याने एका पोराला ड्रमवर आणि एकाला बेसवर बसवलं आणि म्हणाला, "आता वाजव." पुतण्याने जीव तोडून वाजवलं. गिटार गायब! खालचे सूर बेसने गिळले, वरचे झांजांनी.

"गिटारची जागा मधेच असते," दुकानदार म्हणाला. "एकट्याने घरी वाजवताना मधलं काढलेलं फार छान वाटतं. चौघांत गेलं की ऐकूच येत नाही." त्याने मधला खटका चढवला, फाडायचा खटका निम्म्यावर आणला. गिटार ड्रमच्या गर्दीतून खांदे मारीत बाहेर आलं.

मधल्याला वगळलं की कार्यक्रम चालत नाही, हे कुणीतरी ठामपणे बोललेलं मी मध्यमवर्गीय माणसाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी तत्काळ म्हटलं, "हेच द्या." पुतण्याने मान डोलावली. नऊ व्होल्टचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागला. उलट ध्रुवाचा लावू नका, असं दुकानदाराने तीनदा बजावलं.

घरी डबी ओट्यावर मांडून आईने हळद-कुंकू वाहिलं. दादा शिफ्टहून आला तेव्हा पुतण्या वाजवायचा थांबला. दादाने ते पेडल बराच वेळ न्याहाळलं. मग चप्पल काढून पाय हळूच त्यावर टेकवला. आमच्या प्रेसला पण असंच पायडल असतं, म्हणाला. दाबलं की धाड.

"हे दाबल्यावर वरून काही खाली येत नाही ना?"

"नाही बाबा."

"मग दाबतो मी. तू वाजव."