पाचवीच्या वर्गातलं जेवण

आज पाचवीच्या मुलांसोबत जेवले. भात, मासा, मिसो सूप, दूध. वाढलं मुलांनी, नंतर वर्गही झाडला त्यांनीच.

जपानमध्ये १९८७ पासून ‘जेट’ योजनेतून परदेशी शिक्षक येतात; मीही त्यांतलीच. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे. तरी तासाला चुकायला घाबरणारी मुलं जेवताना मोकळी होतात. आज त्यांना माझं खडकवासला सांगितलं: चौपाटीवरची कणसं, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र आणि १२ जुलै १९६१. त्या दिवशी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही. भूकंपाचे सराव करत वाढणाऱ्या मुलांनी मोडक्या इंग्रजीत लगेच विचारलं, “माणसं कुठे गेली?”

दुसऱ्याची काळजी वाटली की भाषेची भीती मागे पडते. मला व्याकरणाआधी मुलांना असे प्रश्न विचारायला शिकवायचंय.