चौथ्या पुरुषार्थाचे काय करायचे?

मराठीत आज ‘पुरुषार्थ’ म्हटले की पराक्रम डोळ्यांपुढे येतो. ‘यात कसला पुरुषार्थ?’ असे विचारणाऱ्याच्या मनात मर्दुमकीच असते. शास्त्रग्रंथांत मात्र माणसाने ज्याची इच्छा धरावी, ज्यासाठी जगावे, ते पुरुषार्थ. माणूस कशासाठी जन्माला येतो, या प्रश्नाची इथल्या धर्मांनी दिलेली बरीचशी उत्तरे याच शब्दाभोवती जमली आहेत, आणि सर्वांत मोठा वाद झाला तो चौथ्या पुरुषार्थावर, म्हणजे मोक्षावर.

धर्म, अर्थ, काम, मोक्ष ही चौकडी आधी तिकडी होती. मनुस्मृती धर्म श्रेष्ठ की अर्थ की काम, ही निरनिराळी मते नोंदवते आणि शेवटी तिन्हींच्या मेळाला, ‘त्रिवर्गा’ला, कौल देते. कौटिल्य अर्थाला पहिला मान देतो, कारण धर्म आणि काम दोन्ही त्याच्या आधाराने उभे राहतात. वात्स्यायनाचे ‘कामसूत्र’ या तिघांनाच नमस्कार करून सुरू होते. मोक्ष तिथे येतो तो म्हातारपणी करायची गोष्ट म्हणून. जैमिनीच्या मीमांसासूत्रांना स्वर्ग पुरतो. मीमांसकांनी मोक्षाची दखल घेतली ती पुढे कुमारिल आणि प्रभाकर यांच्या हातून.

महाभारताच्या शांतिपर्वात युद्ध संपल्यावर विदुर आणि पांडव याच विषयावर बोलायला बसतात. विदुर धर्माची बाजू घेतो, अर्जुन अर्थाची. भीम कामाची बाजू इतक्या जोरात मांडतो की वाचणारा क्षणभर त्याच्याच पक्षात जातो. दह्याचे सार लोणी, तसे धर्म आणि अर्थ यांचे सार काम, असे त्याचे म्हणणे. ज्याला काहीच हवेसे वाटत नाही तो धर्म तरी कशाला करील? युधिष्ठिर सगळ्यांचे ऐकून घेतो आणि तिन्ही बाजूला सारून मोक्षाकडे वळतो. नुकतेच राज्य मिळालेल्या माणसाने हे म्हणावे, यातच चौथ्या पुरुषार्थाची अडचण आहे. तो पहिल्या तिघांच्या रांगेत बसत नाही, रांगच मोडतो.

जैन आणि बौद्ध यांनी जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हेच अंतिम ध्येय धरले. म्हणूनच माणसाच्या जन्माचे मोल त्यांच्याकडे विलक्षण वाढले. जैन मतानुसार स्वर्गातल्या देवालाही मोक्षासाठी मनुष्यजन्मच घ्यावा लागतो. हा जन्म किती दुर्मीळ, हे सांगायला बौद्धांनी आंधळ्या कासवाचा दृष्टान्त दिला: शंभर वर्षांतून एकदा वर येणारे कासव, आणि समुद्रावर तरंगणारे एका छिद्राचे जू. कासवाची मान नेमकी त्या छिद्रात यावी, इतका हा योग विरळा. भागवतानेही नरदेहाला नाव म्हटले, गुरूला नावाडी केले. त्याच्या अकराव्या स्कंधावर एकनाथांनी काशीत 1573 मध्ये मराठी टीका पूर्ण केली. रामदासांच्या ‘दासबोधा’त पहिल्या दशकाचा दहावा समास सबंध नरदेहाच्या स्तवनाचा आहे.

महानुभावांचे उत्तर काटेकोर आहे. चक्रधरांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे व नित्य आहेत. देवता आपापल्या ऐपतीप्रमाणे फळ देतात, पण ते सरते. मोक्ष देणारा फक्त परमेश्वर. म्हणून जिवाचे काम एकच, देवतांची दारे सोडून त्याला शरण जाणे.

वारकऱ्यांनी मोक्षाच्याही पुढचा प्रश्न विचारला: तो मिळाल्यावर काय? 1290 मधल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या बाराव्या अध्यायातला भक्त चौथा पुरुषार्थ हातात घेऊन भक्तीच्या वाटेला लागतो आणि तो जगाला वाटत सुटतो. मोक्ष इथे मुक्कामाचे ठिकाण राहत नाही, वाटखर्चाची शिदोरी होते. अद्वैत मानायचे आणि भक्तीही सोडायची नाही, ही तर्काच्या दृष्टीने अवघड जागा. जिथे देव आणि भक्त दोन उरले नाहीत तिथे कोण कोणाची भक्ती करणार? ज्ञानेश्वरांनी या आक्षेपाला बगल दिली नाही. ‘अमृतानुभवा’तली सहज भक्ती हे त्यालाच दिलेले उत्तर आहे. एकपणातच दोनपणाचे सुख भोगता येते, असा तो अनुभव. बंगालच्या चैतन्यपंथाने पुढे प्रेमाला पाचवा पुरुषार्थ म्हटले, त्याच्या सुमारे दोन शतके आधीची ही गोष्ट. तुकारामांनी तर मुक्ती नाकारून पुन्हा गर्भवास मागितला. तो अभंग आजही कीर्तनाच्या शेवटी म्हटला जातो. ज्या फेऱ्यातून सुटण्यासाठी शास्त्रे रचली गेली, तो फेराच इथे मागणीचा विषय झाला आहे.

एकच जन्म मानणाऱ्या धर्मांत हा फेरा नाही, त्यामुळे प्रश्नाची घडणही वेगळी. कुराणाच्या सांगण्याप्रमाणे जिन आणि माणूस यांची निर्मिती अल्लाहच्या उपासनेसाठी झाली, आणि माणूस पृथ्वीवर त्याचा प्रतिनिधी आहे. ख्रिस्ती शिकवणुकीत देवाला ओळखणे, त्याच्यावर प्रेम करणे, त्याची सेवा करणे आणि अखेर त्याच्या सहवासात राहणे, हा हेतू. फादर स्टीफन्स यांनी तो मराठी ओवीत आणला. गोव्यात रायतूर येथे 1616 मध्ये छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. शब्द ओळखीचा, पण त्यामागचा काळाचा हिशेब निराळा.

विसाव्या शतकात वादाने नवे वळण घेतले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी गीतेचा निष्कर्ष संन्यास नव्हे, कर्मयोग असा काढला. ज्ञान झालेल्यानेही लोकसंग्रहासाठी कर्म करीत राहावे, असे त्यांचे प्रतिपादन. शंकराचार्यांशी हा उघड मतभेद होता, आणि टिळकांनी तो तसाच उघडपणे मांडला. भक्तीला मात्र त्यांनी साधनाच्या जागी बसवले, हे वारकऱ्यांना पटण्यासारखे नव्हते.

आंबेडकर आणखी पुढे गेले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या निधनानंतर, 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या मूळ इंग्रजी ग्रंथात त्यांनी धर्म आणि धम्म यांत फरक केला: धर्माला जगाची उत्पत्ती सांगायची असते, धम्माला जगाची पुनर्रचना करायची असते. आत्मा आणि त्याचा पुनर्जन्म त्यांनी नाकारला, त्यामुळे सुटका व्हायची कोणाची, हा जुना प्रश्नच उरला नाही. निर्वाण त्यांच्या मांडणीत मरणानंतरचे नाही. सदाचाराच्या वाटेने चालता यावे इतका विकारांवरचा ताबा, तो याच देहात आणि चार माणसांत राहून मिळवायचा.