कुणाचा पोरगा?

दिवाळीच्या आधी माळा साफ करण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. खरे सांगायचे तर ते मी मागून घेतले आहे. माळ्यावर चढलेल्या माणसाला चकल्यांचा सोऱ्या फिरवायला कुणी बोलावत नाही! शिवाय माळ्यावर जुने अंक सापडतात, आणि एकदा ते सापडले, की साफसफाई कमी आणि वाचन जास्त होते. यंदाही मी असाच एक अंक उघडून बसलो होतो. तोच एका पत्र्याच्या डब्यामागे काही मऊसे हाताला लागले. ओढून पाहिले, तर गोलकीपरचे हातमोजे. त्यांच्यावरच्या चिखलाची वाळून पापडी झाली होती.

"काय सापडलं हो?" खालून सौभाग्यवतींनी विचारले.

"काही नाही. जुनं सामान," मी म्हणालो.

आणि म्हणता क्षणीच मला वाटले, या हातमोज्यांच्या बाबतीत मी दुसऱ्यांदा खोटे बोललो. पहिल्या खोट्याची गोष्ट आज सांगून टाकायची आहे.

कोल्हापूर म्हटले, की परगावच्या माणसाला कुस्ती आठवते, तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण इथल्या पेठांचा जीव अडकला आहे तो फुटबॉलमध्ये. ज्या तालमींतून पूर्वी मल्ल निघाले, त्यांच्याच नावांनी आज फुटबॉलचे संघ उतरतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे घेताना इथला माणूस आपोआप ताठ होतो. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला, की घराघरांत जेवणे लवकर उरकतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला, तेव्हा भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्यानंतर तर गल्लीत चेंडू लाथाडणाऱ्या प्रत्येक पोराकडे त्याचा बाप निराळ्याच नजरेने पाहू लागला.

मीही पाहू लागलो होतो. आमचे चिरंजीव २०१९ साली कॉलेजात गेले आणि पहिल्याच वर्षी कॉलेजच्या संघात गोलकीपर झाले. मी स्वतः दहावीनंतर चित्रकलेची पदविका घेऊन शाळेला लागलो. इतरांसारखे कॉलेज माझ्या वाट्याला आलेच नाही. तेव्हा मुलगा कॉलेजचे नाव छापलेला सदरा घालून दारात उभा राहिला, त्या दिवशी माझ्या शाळेतल्या साऱ्या सहकाऱ्यांना मी चहा पाजला.

तो चहा फार लवकर पाजला, असे पुढे वाटले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. कॉलेजचे मैदान नदीच्या अंगाला. पाणी ओसरल्यावर त्यावर घोटाभर गाळ उरला. ज्या दिवसांत सराव करायचा, त्या दिवसांत मुले फावडी घेऊन गाळ काढत होती. दुसरे असे, की संघातले दोन बरे खेळाडू पेठेच्या संघातही होते, आणि पेठेच्या सामन्यांसाठी ते आपले पाय राखून ठेवीत. त्यांना तरी दोष कसा द्यावा? कॉलेज तीन वर्षांचे असते, पेठ जन्माची!

पहिला सामना आम्ही ४-० ने हरलो, दुसरा ३-१ ने. (पाहा, 'आम्ही' म्हणतो आहे. हे 'आम्ही' त्या वेळी माझ्या तोंडून सहज निघत नव्हते.) बाद पद्धतीच्या स्पर्धांत हरणाऱ्याला एकच सामना मिळतो. दुसऱ्या फेरीचे मैदान कसे दिसते, हे आमच्या पोरांना कळलेच नाही. पहिल्या फेरीत जायचे, हरायचे, सायकली आणि मोटारसायकली काढायच्या आणि पुढच्या स्पर्धेची वाट पाहायची.

गोलकीपरचे दुःख आणखी निराळे. फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. चित्रकला शिक्षकाच्या नजरेने सांगतो, ती चौकट एका माणसासाठी फारच मोठी आहे. पुढच्या दहा जणांच्या चुका पावसाच्या पाण्यासारख्या उताराने वाहत येतात आणि शेवटी त्याच्या पायाशी साचतात. जाळ्यातून चेंडू काढायला वाकतो तो एकटाच, आणि तो वाकतो तेव्हा सारे मैदान त्याच्याकडे पाहत असते.

तिसऱ्या सामन्याला मी कठड्याजवळ बसलो होतो. मध्यंतरालाच तीन गोल झाले होते. पाचवा झाला, तेव्हा शेजारी भडंग खात बसलेले एक गृहस्थ हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय ओ मास्तर, ह्यो गोलकीपर कुणाचा पोरगा म्हनायचा?"

वाचकहो, उत्तर दोन अक्षरांचे होते. मला 'माझा' एवढेच म्हणायचे होते. कादंबऱ्यांत मी पानेच्या पाने बापाच्या मायेवर लिहिली आहेत. पण त्या क्षणी मी म्हणालो, "कुणास ठाऊक बुवा!"

खालच्या पायरीवर माझ्याच शाळेतला पाचवीतला एक मुलगा बसला होता. आमच्या घरी तो कैक वेळा येऊन गेलेला, चिरंजीवांना 'दादा' म्हणणारा. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. बोलला काहीच नाही. पुन्हा मैदानाकडे तोंड करून बसला. पोरे बडबडतात तेव्हा मास्तरला त्रास होतो, असा समज आहे. पोर गप्प बसते, तेव्हा काय होते, ते मला त्या दिवशी कळले.

रात्री जेवण झाल्यावर चिरंजीव मोबाइल घेऊन माझ्याजवळ आले. "बाबा, हे बघा." न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची हकिकत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले, तेच हे विद्यापीठ. तिथला फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचा खेळ तो. पण हरणे सगळीकडे सारखेच. या विद्यापीठाचा संघ १९८३ ते १९८८ या काळात ओळीने ४४ सामने हरला! १९८४, ८५, ८६ आणि ८७ या चार मोसमांत त्यांना एकही विजय मिळाला नाही. ८ ऑक्टोबर १९८८ ला त्यांनी प्रिन्स्टनला १६-१३ असे हरवले, तेव्हा कुठे ती साडेसाती सुटली.

"म्हणजे आपल्याला अजून एक्केचाळीस बाकी आहेत," चिरंजीव म्हणाले आणि हसले.

त्या हसण्याला मी हसून साथ दिली. पण अंथरुणावर पडल्यावर डोळा लागेना. तिथे पदवीचा अभ्यास चार वर्षांचा असतो. म्हणजे १९८४ साली तिथल्या संघात आलेला एखादा मुलगा चार वर्षे खेळला असेल, एकही सामना न जिंकता पदवी घेऊन घरी गेला असेल. त्याचाही कुणी बाप असेल. चाळिसाव्या पराभवालाही तो बाप येऊन बसला असेल का? शेजारच्या माणसाने त्यालाही विचारले असेल का? आणि त्याने काय उत्तर दिले असेल?

मी तर तिसऱ्यालाच कोसळलो होतो.

पुढचे दोन सामने मी गेलो, पण पार टोकाला, छत्री डोक्यावर ओढून उभा राहिलो. एक २-० ने गेला, दुसरा ६-१ ने. लेखकाची खोड मोठी वाईट असते. माझ्या कादंबरीत नायक अकरा प्रकरणे हरतो आणि बाराव्यात जिंकतो, त्यामुळे मोसमाचा शेवटचा सामना आपण जिंकणार, असे मला आतून वाटू लागले. त्या सामन्याला मी छत्री घरीच ठेवली आणि थेट गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. या वेळी उत्तर तयार होते. कुणी विचारायचा अवकाश, 'माझा!' असे खणखणीत सांगायचे, असे ठरवून गेलो होतो.

कुणी विचारलेच नाही.

नव्वद मिनिटे मी त्या जाळ्याच्या मागे उभा होतो. तिथून खेळ निराळाच दिसतो. कठड्यावरून मला पोराच्या हातून सुटलेले चेंडू तेवढे दिसले होते. आता त्याने अडवलेले दिसले. उजवीकडे झेप घेतली, की तो आधी डाव्या पायावर भार घेतो, हेही मला तेव्हा पहिल्यांदा कळले. चेंडू लांब गेला, की तो हातमोजे पोटऱ्यांना पुसायचा. पाच सामने पाहून मी यातले काही पाहिले नव्हते. मी धावफलक पाहत होतो.

सामना आम्ही १-० ने हरलो. माझ्या बाराव्या प्रकरणाची कुणी पर्वा केली नाही. एकूण सहा सामने, सहा पराभव, २१ गोल अंगावर घेतले आणि २ केले.

मुले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आली. चिरंजीव माझ्यापाशी थांबले. "तुम्ही मागं उभे होता ना? आवाज येत होता तुमचा," ते म्हणाले. मी ओरडत होतो, हे मला ठाऊकच नव्हते. मग बुटाच्या नाड्या सोडायला हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी ओले हातमोजे काढले आणि, "धरा जरा," म्हणून माझ्या हातात दिले. ते परत घ्यायला ते विसरले आणि परत द्यायला मी. मिरजकर तिकटीवरून, भर बाजारातून, चिखलाने माखलेले ते हातमोजे हातात धरून मी चालत घरी आलो.

आता चिरंजीव पुण्याला नोकरीला आहेत. फुटबॉल सुटला. त्या मोसमाची आठवण निघाली, की ते एक्केचाळीस बाकी असल्याचा विनोद करतात आणि आम्ही सारे हसतो. पण तिसऱ्या सामन्यात कठड्याजवळ मी काय बोललो, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेले नाही. पाचवीतला तो मुलगाही आता कॉलेजात आहे. त्यानेही कुठे तोंड उघडले नाही. रस्त्यात भेटला, की "नमस्कार सर" म्हणतो, आणि अजूनही पहिल्यांदा मीच नजर खाली घालतो.

धनत्रयोदशीच्या रात्री चिरंजीव घरी येतील. फराळाच्या ताटाशेजारी हा अंक पडलेला असेल, आणि बापाचे काही छापून आले, की ते आधी ते पान उघडतात, ही त्यांची लहानपणापासूनची सवय आहे. तोंडाने जे सांगवले नाही, ते इथे लिहून ठेवले आहे. हातमोजे मी माळ्यावरून खाली आणले आहेत. ते धुतलेले मात्र नाहीत.

"टाकायचे का हो हे?" सौभाग्यवतींनी काल विचारले. "कुणाचे आहेत?"

"आपल्या पोराचे," मी म्हणालो.