चित्र दिसते, मग झाले?

डीएनएपासून घडवलेल्या एका इवल्या पेटीवर मी प्रबंध लिहितो आहे. तोंडी परीक्षेत एका प्राध्यापकांनी मला सुनावले, "पेटीचे चित्र दिसते ना, मग द्रावणात पुन्हा काय तपासता?" मित्रांनो, हे मला मान्य नाही.

२००६ साली पॉल रोथेमुंड यांनी विषाणूचा ७,२४९ बेसचा लांब धागा सुमारे दोनशे तोकड्या धाग्यांनी दुमडून हसरा चेहरा घडवला. तो जगभर गाजला. पण तो अभ्रकाच्या पृष्ठभागाला चिकटलेला होता. चिकटलेली वस्तू सपाटच दिसणार! शरीरात औषध घेऊन निघालेल्या कणापुढे अभ्रक कोण अंथरणार आहे?

डीएनए ऋणभारित असतो. शेजारी बांधलेली सर्पिले एकमेकांना दूर ढकलतात. मॅग्नेशियम पुरेसे असेल तोवर ती नांदतात. ते कमी पडले की रचना फुगते, सैलावते, काही उसवतातही. रक्तात मॅग्नेशियम एक मिलिमोलरच्या आसपास असते, आणि पेटी घडवताना आम्ही घालतो ते जवळपास दहापट. खरा प्रश्न इथे आहे.

म्हणून द्रावणावर क्ष-किरणांचा बारीक झोत सोडायचा आणि अगदी लहान कोनांत विखुरलेले किरण मोजायचे. हाती फोटो येत नाही, एक उतरती वक्ररेषा येते. असंख्य कण हव्या त्या दिशेला तोंड करून तरंगत असतात, त्या सगळ्यांची ती सरासरी. तिच्यातून कणाचा आकार आणि सर्पिलांमधले अंतर काढता येते. एकच वक्ररेषा दोन वेगळ्या आकारांशी जुळू शकते, हेही मान्य केले पाहिजे. न्यूट्रॉन वापरले तर आणखी एक युक्ती करता येते: सुमारे ६५ टक्के जड पाण्यात डीएनए जणू अदृश्य होतो आणि त्याच्याभोवतीचे मेदाचे वेष्टन तेवढे दिसते. अशा न्यूट्रॉन मोजमापाची सोय ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर आहे.

रोझलिंड फ्रँकलिन यांनी डीएनएच्या तंतूंचा ओलावा कमीजास्त करून पाहिला, म्हणूनच 'ए' आणि 'बी' ही रूपे वेगळी ओळखता आली. लोकांना आठवतो तो १९५२चा फोटो ५१. (तो त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी काढला होता, हेही कमीच सांगितले जाते.) त्यामागचे ओलाव्याचे चिकाटीचे काम कुणाला आठवते?

आता मी माझी पेटी रक्ताइतक्या क्षारांत ठेवून वक्ररेषा घेणार आहे. ती आराखड्याशी जुळली नाही, तर तशीच प्रबंधात छापीन.