चिनी पंगत

पंगत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. रांगेने मांडलेले पाट, ज्याच्या त्याच्यापुढे त्याचे पान, आणि मधल्या वाटेने वाकून वाढीत जाणारी माणसे. शेजाऱ्याच्या पानात काय पडले हे पाहणेही आपणांकडे असभ्यपणाचे समजतात. पाटांची जागा आता टेबलांनी घेतली, तरी ज्याचे ताट त्याचे ही रीत काही सुटली नाही. आमच्या चौल-रेवदंड्याच्या बाजूस वाडीवाल्यांच्या पुष्कळ घरी तिला आणखी एक जोड असे, आणि ती काही घरी अद्यापही आहे. पुरुष व मुले आधी, बायका मागाहून. मासळीच्या दिवशी या रीतीस विशेष अर्थ येतो. मधल्या तुकड्या पहिल्या पंगतीस संपतात. मागाहून बसणारांस डोके, शेपूट व कालवणाचा रस उरतो. आमच्या मातोश्री आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. लग्न होऊन या घरी आल्यापासून त्यांनी मासळीचे डोकेच खाल्ले. 'मला डोकेच आवडते,' असे त्या सांगत, आणि घरात त्यावर कोणी पुढे प्रश्न विचारीत नसे.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मुंबईस एका चिनी भोजनगृहात जेवण्याचा प्रसंग आला, त्याची हकीकत आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावी असे वाटले, ते मुख्यतः मातोश्रींमुळे.

चीन देश आमच्या किनाऱ्यास अगदीच परका आहे असे कोणी समजू नये. चौल हे प्राचीन काळापासूनचे नामांकित बंदर. तेथील जुन्या वस्तीच्या जागी शोध करिता चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. ज्या गावी आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, तेथे एके काळी कोणी चिनी ताटलीत जेवीत असावे, ही कल्पना आम्हांस फार गमतीची वाटते. आपला चहा हा शब्दही मुळात चिनी 'चा'चाच वंशज होय. पुढे मुंबई बंदराच्या भरभराटीबरोबर दक्षिण चीनमधील खलाशी व कारागीर तेथे येऊन राहिले. माझगावात त्यांचे १९१९ साली बांधलेले देऊळ अजून उभे आहे. १९६२ च्या युद्धानंतर या लोकांवर संशयाचे दिवस आले. देशातील अनेक चिनी कुटुंबांस राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले, आणि कित्येक पुढे हा देश सोडून गेली. जी राहिली त्यांतील काहींनी भोजनगृहे चालविली.

अलिबागच्या समुद्रकाठी गाड्यांवर 'चायनीज' या नावाने जो लालभडक पदार्थ विकला जातो, त्याचा चीनशी संबंध बेताचाच आहे. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध जे मांचुरियन, ते तर नेल्सन वांग नामक कलकत्त्याकडील चिनी वंशाच्या आचाऱ्याने १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात आले, लसूण व हिरवी मिरची यांत सोयाचा रस मिसळून सिद्ध केले. मांचुरिया प्रांतातील मनुष्यास ते दाखविले तर तो ओळखणार नाही. आमच्या चिरंजीवांस मात्र तेच प्रिय, आणि म्हणून मुंबईस राहणारे आमचे धाकटे बंधू त्यास म्हणाले, "चल, तुला एकदा खरे चिनी जेवण दाखवितो. आजीलाही घेऊन या."

मातोश्री आधी तयार होईनात. 'मी कशाला? मी घर राखते,' हे त्यांचे नेहमीचे उत्तर. शेवटी नातीने हट्ट धरिला तेव्हा त्या उठल्या. मांडव्याहून लाँचने गेटवेपर्यंतचा सुमारे तासाभराचा प्रवास त्यांनी डोईवरचा पदर धरून, समुद्रपक्ष्यांकडे पाहत केला. उतरून कुलाब्याच्या बाजूस जावयाचे होते. आमचा जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबा या नावानेच ओळखला जात असे, तेव्हा मुंबईच्या कुलाब्यास निघालो हे ऐकून मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडेच चाललो की!"

रविवार असल्यामुळे भोजनगृहाच्या दारात ही गर्दी! आमचे नाव एका वहीत लिहून घेण्यात आले व आम्ही पाऊण तास पायरीवर तिष्ठत राहिलो. आतून भांड्यांचा खणखणाट, वाढप्यांच्या हाका, मुलांचे रडणे, आणि दार उघडले की आल्याच्या वाफेचा एक लोट. मातोश्रींनी दोन वेळा 'घरीच पिठले-भात केला असता' असे सुचविले. एकदाची हाक आली. टेबल वाटोळे होते, आणि त्याच्या मध्यावर काचेचे एक फिरते चक्र बसविलेले होते. जे काही येईल ते या चक्रावर ठेवावयाचे आणि ज्याने त्याने चक्र फिरवून घ्यावयाचे. स्वतंत्र ताट कोणासच नाही. पुढ्यात तळहाताएवढी एक बशी व एक वाटी, एवढेच.

प्रथम चहा आला. दूध नाही, साखर नाही. दक्षिण चीनमधील कँटन व हाँगकाँग या शहरांत सकाळपासून दुपारपर्यंत चहाबरोबर लहान लहान जिन्नस खात बसण्याची चाल आहे. त्या जिन्नसांस 'दिमसम' म्हणतात. अंतःकरणास हलकेच स्पर्श करणारे, असा काहीसा त्या शब्दाचा अर्थ आहे. हे जिन्नस वेळूच्या वाटोळ्या करंड्यांत वाफवितात व त्याच करंड्यांतून, एकीवर एक रचून, टेबलावर आणतात. पहिल्या करंडीचे झाकण काढताच आमची कन्या ओरडली, "आजी, मोदक!"

खरोखरच ते मोदकाचे भावंड होते. आत गुळखोबऱ्याऐवजी कोलंबी, वर गव्हाच्या सत्त्वाची पारी. ती इतकी पातळ की आतील कोलंबीचा तांबूस रंग बाहेरून दिसावा. एका बाजूस नाजूक चुण्या घातलेल्या. मातोश्रींनी चष्मा पुसून एक उचलला आणि चुण्या मोजल्या. दहा भरल्या. चांगल्या आचाऱ्याने निदान सात तरी घालाव्या व दहा किंवा अधिक साधल्यास उत्तम, असा या पदार्थाचा दंडक असल्याचे बंधूंनी सांगितले. मातोश्री म्हणाल्या, "हात बरा आहे. पण पारी थंड झाली की चिवट होणार. लवकर खा सगळे." तांदळाची उकड गरम असतानाच मळली पाहिजे, नाहीतर पारीस चिरा पडतात, हे आमच्याकडील प्रत्येक सुगरणीस ठाऊक असते, येथेही पीठ कढत पाण्यातच भिजवितात हे कळल्यावर त्यांचे निम्मे परकेपण गेले.

आता खरी मौज सुरू झाली. आम्ही सातजण, आणि करंडीत जिन्नस चार. दोन करंड्या मागविल्या तर आठ, म्हणजे एक उरतो. पुढच्या करंडीत तीनच, म्हणजे कोणीतरी अर्धा करून द्यावयाचा. स्वतःच्या ताटावर जेवणारास हा हिशेब कधी करावाच लागत नाही. येथे मात्र हात पुढे करण्यापूर्वी कोणास मिळाले व कोणास नाही हे पाहणे प्राप्त होते. आमचे चिरंजीव, जे घरी पापडाच्या तुकड्यावरून बहिणीशी भांडतात, ते येथे गंभीर मुद्रेने वाटण्या करू लागले. काड्यांनी खाणे कोणास साधेना, ती गोष्ट निराळी.

अडचण आली ती मातोश्रींची. त्या कोणासही काही घेऊ देईनात. करंडी पुढे आली की त्या उठून सर्वांच्या बशीत वाढू लागत. त्यांच्यापुढून चक्र फिरविले तरी फिरून फिरून ते त्यांच्यापाशी येई, आणि त्यांची बशी रिकामीच. हा प्रकार गल्ल्यावर बसलेले एक वृद्ध चिनी गृहस्थ पाहत असावेत. मुंबईतच जन्मलेले, मराठी आमच्याइतकेच सफाईने बोलत. ते जवळ येऊन म्हणाले, "आजी, तुम्ही बसा. आमच्याकडे थोरांनी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी हात लावीत नाही. तुम्ही उभ्या राहिलात तर ही पोरे उपाशी राहतील."

मातोश्री बसल्या. अंग चोरून, खुर्चीच्या कडेवर. परक्या घरी बसावे तशा.

इतक्यात अखंड मासा आला. वाफवलेला, वर आल्याचे व कांद्याच्या पातीचे बारीक तुरे, आणि त्यावर कढत तेल ओतल्याचा चर्र आवाज. वाढप्याने 'सी-बास' असे त्याचे नाव सांगितले. मातोश्रींनी त्याकडे एकवार पाहिले. "हा जिताडा," त्या म्हणाल्या. आमच्या अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेतकरी ज्यास तळ्यात पोसतात व पाहुण्यासाठी राखून ठेवतात, तोच हा मासा. आमच्या खाड्यांपासून दक्षिण चीनपर्यंत तो सर्वत्र सापडतो. नाव बदलले म्हणून मातोश्री फसणाऱ्या नव्हत्या.

त्या वृद्ध गृहस्थांनी चक्र हळूच फिरवून माशाचे डोके मातोश्रींसमोर आणिले. सन्मानाच्या व्यक्तीकडे डोके करावयाचे, असा त्यांच्याकडे परिपाठ आहे. आमच्या सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही चहाकडे पाहिले. वरची बाजू संपली तेव्हा बंधू मासा उलटा करू लागले, तोच त्या गृहस्थांनी त्यांचा हात धरिला. "उलटवू नका. नाव उलटते." त्यांच्या दर्यावरच्या लोकांत ताटातला मासा पालथा करणे अशुभ मानतात, मधला काटा सबंध उचलून काढावयाचा व खालची बाजू तशीच खावयाची. याचे स्पष्टीकरण मातोश्रींस लागले नाही. लहानपणापासून ज्यांनी कोळीवाड्याचे शेजारी पाहिले, वादळात होडी परत येईपर्यंत किनाऱ्यावर थांबलेल्या बाया पाहिल्या, त्यांस ते तात्काळ पटले. त्यांनी स्वतः दोन बोटांनी काटा धरून शेपटीकडून अलगद उचलला. एकही तुकडा तुटला नाही. वृद्ध गृहस्थांनी मान डोलविली.

भावजयींनी मधली मोठी तुकडी मातोश्रींच्या बशीत घातली. त्यांनी ती बाजूस सारली व आधी डोके हाती घेतले. सराईत हाताने ते उकलून गालाचा, रुपयाएवढा, पांढराशुभ्र तुकडा काढिला आणि नातीच्या बशीत ठेविला. "हे खा. सबंध माशात असे दोनच असतात."

कन्येने तो खाल्ला व क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी! आणि इतकी वर्षे हे तू एकटीच खात होतीस?"

सर्व टेबल हसले. मातोश्रीही पदर तोंडास लावून हसल्या. आमच्या मनावरचे एक जुने ओझे उतरले असे वाटते न वाटते तोच त्यांनी ती मधली तुकडी पुढे ओढून घेतली, ती सावकाश, काटा न काटा निवडून खाल्ली, "मिठाला किंचित कमी, पण मासा ताजा आहे," असा अभिप्राय दिला, आणि स्वतःच्या हाताने चक्र फिरवून दुसरी तुकडी घेतली. मासळीची दुसरी तुकडी मातोश्रींनी घेतलेली आम्ही जन्मात पाहिली नव्हती. तेव्हा डोके त्यांस खरोखरच आवडे, की मधली तुकडी त्यांस कधी लाभली नाही, हा निकाल त्या दिवशी लागला नाही, आणि विचारण्याची सोयही नव्हती. बंधूंनी एकदा तोंड उघडले होते. भावजयींनी त्यांच्या वाटीत चहा ओतून ते बंद केले.

परतीच्या लाँचवर वारा फार होता. मातोश्री नातीस कोलंबीचे मोदक घरी कसे करावे हे समजावून सांगत होत्या. पारी तांदळाचीच घ्यावी, गव्हाची नको, असा त्यांचा आग्रह.

पुढच्या रविवारी घरी खारेपाटातला जिताडा आला. सौभाग्यवतींनी कालवणाचे पातेले ओट्यावर न ठेविता सरळ टेबलाच्या मध्यावर आणून ठेविले व सात नसली तरी पाच ताटे एकदमच मांडिली. आम्ही डाव उचलला. "तुला जमायचे नाही, तुकडी मोडशील," असे म्हणून मातोश्रींनी तो आमच्या हातातून काढून घेतला आणि सर्वांस वाढिले. मग इकडेतिकडे पाहिले, आणि आपली खुर्ची ओढून घेतली.