ताईचं थायरॉईड

ही गोष्ट सांगताना आजही संकोच वाटतो, कारण चूक माझीच होती.

माझी मोठी बहीण, तेव्हा 58 वर्षांची. वर्षभर फोनवर सांगत होती, "अरे, हल्ली फार थकायला होतं. वजन वाढतंय, पोट साफ होत नाही." मी म्हणायचो, "ताई, वय झालं की होतं असं. रोज अर्धा तास चालायला जा." पुढे गणपतीत ती घरी आली. आम्ही पंखा लावून घाम पुसत होतो आणि ही शाल पांघरून बसलेली. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, बोलणं संथ. टाचेच्या वर हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला त्याने वेळ घेतला. टीएसएच आला 92. साधारण 4 ते 5 पर्यंत असावा लागतो.

पेशंटना हीच तपासणी मी रोज लिहून देत होतो.

रिपोर्ट बघून ताई म्हणाली, "म्हणजे थायरॉईड वाढलंय?" तुमच्यापैकी अनेकांचा हाच गोंधळ होतो. टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोन नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी गळ्यातल्या थायरॉईडला 'काम कर' असा जो हुकूम पाठवते, तो टीएसएच. थायरॉईड ढिलं पडलं की पिट्युटरी ओरडत सुटते. म्हणून टीएसएच वाढलेला, तर थायरॉईड कमी.

"पण मी आयोडीनचंच मीठ खाते," हा तिचा पुढचा प्रश्न. मीठ बदलून उपयोग नव्हता. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडला परकं समजून हळूहळू निकामी करते. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव. बायकांत तो पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. थायरॉईडचं ऑपरेशन किंवा लिथियम, अमिओडॅरोनसारखी औषधं ही कारणंही असतात.

ताईचा ईसीजी काढला आणि थायरॉक्सिनची गोळी लहान डोसने सुरू केली. वय आणि हृदय बघूनच डोस वाढवायचा असतो. डोस बदलला की पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी केली तर पैसे वाया. तीन-चार महिन्यांत शाल सुटली. वाढलेल्या अकरा किलोंपैकी चारच उतरले, त्यावर ती नाराज होती. थायरॉईडमुळे वाढलेलं वजन थोडंच असतं, बाकीचं जेवणाचं. हे पेशंटना आवडत नाही, तिलाही नाही आवडलं.

वर्षाने रिपोर्ट नॉर्मल आला आणि तिने गोळी परस्पर बंद केली. "बरी झाले ना आता. उगाच सवय कशाला?" तीन महिन्यांत टीएसएच पुन्हा 40 च्या पुढे. मी तिला नीट समजावलंच नव्हतं. ही गोळी म्हणजे तुमची ग्रंथी बनवायची तेच हार्मोन. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. बाळंतपणानंतर बिघडलेलं थायरॉईड कधीकधी सुधारतं, तेव्हा गोळी बंदही करता येते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि ही गोळी चालू असताना दिवस राहिले, तर लगेच डॉक्टरांना कळवा. डोस बहुधा वाढवावा लागतो. बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच हार्मोनवर अवलंबून असते.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा.

ताईने आता गोळ्यांची बाटली टूथब्रशशेजारी ठेवली आहे. पहिला चहा तासभर उशिरा मिळतो, ही तक्रार मात्र दर फोनला असते. आणि ती बोलत असताना मी तिचा आवाज घोगरा तर झाला नाही ना, हे ऐकत असतो.